लिहिलेलंच वाजवायचं, तर दहा रेकॉर्डी कशाला?

लाइपझिग, रविवार

तीर्थरूप अप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडचं सगळं कागदावर लिहिलेलं असतं. मग एकच चीज दहा जणांनी कशाला वाजवायची?" तेवढ्यात आईच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी सुटले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

सुरुवात बाख या जर्मन संगीतकाराच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'ने करा. १७४१ मध्ये छापलेली रचना; तेव्हा बाख याच गावात सेंट थॉमस चर्चच्या नोकरीत होता. ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवादकाने ती १९५५ साली रेकॉर्ड केली आणि पुन्हा १९८१ साली. माणूस तोच, कागद तोच. पहिली सुमारे ३८ मिनिटांची, दुसरी ५१ मिनिटांची. सुरुवातीची संथ धून तरुणपणी तो दोन मिनिटांच्या आत आटपतो, तीच पन्नाशीला टेकल्यावर तीन मिनिटांच्या वर जाते. आधी फक्त हे दोन तुकडे लागोपाठ ऐका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यापेक्षा नीट देता येणार नाही.

मग पुढे जा. या धुनेनंतर तीस प्रकार येतात, पण त्यात मूळ चाल शोधत बसू नका, सापडणार नाही. मी महिनाभर शोधली. बदलत नाही तो खालचा, डाव्या हाताचा पाया. तबल्याच्या सोलोत लेहरा फिरत राहतो आणि वर कायदे-रेले चालतात ना, तसा कान खाली ठेवा. आणि मागे कुणीतरी गुणगुणल्यासारखं वाटलं तर दादाला स्पीकर उघडायला लावू नका. तो गूल्डच आहे, वाजवताना गुणगुणायचा.

तीसही प्रकार एका बैठकीत नकोत. चार ऐका, उठा, चहा घ्या.

दुसरी रेकॉर्ड पाब्लो कासाल्स या चेलोवादकाची (चेलो म्हणजे मोठं, खर्जातलं व्हायोलिनच समजा): बाखचे चेलोचे सहा संच, १९३६ ते १९३९ मधली. तेरा वर्षांचा असताना बार्सिलोनातल्या एका दुकानात त्याला त्यांची छापील प्रत मिळाली होती. एकटं वाद्य, साथ नाही, म्हणून तुमच्या कानाला सोपं जाईल. आजोबांच्या तबकडीतल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीला जशी खरखर आहे तशी इथेही आहे. तुम्हाला ती सवयीचीच. पहिल्या संचाचं पहिलंच पान ऐका.

लोक सहसा बेटहोव्हेनच्या पाचव्या सिंफनीपासून, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या चार भागांच्या रचनेपासून सुरू करतात, कारण ते चार ठोके सगळ्यांना ठाऊक असतात. मीही तेच केलं आणि ठोक्यांनंतरचा अर्धा तास नुसता गलका वाटला. तुम्ही ती नंतरच ऐका. कार्लोस क्लायबरने व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेली, १९७४ची.

त्याआधी द्वोर्झाक या चेक संगीतकाराची नववी सिंफनी. तो न्यूयॉर्कला असताना, १८९३ मध्ये लिहिलेली. कारेल आंचर्लने चेक फिलहार्मोनिकबरोबर केलेली १९६१ची रेकॉर्ड घ्या आणि थेट दुसऱ्या भागावर जा. सुरुवातीच्या जड स्वरांनंतर एक वाद्य एकटंच गायला लागतं. त्याचं नाव कॉर आंग्ले. अप्पा, मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपल्या सोलापूरची सुंदरी, सनईची ती धाकटी बहीण, आठवली. फुंकायच्या पत्तीची जात तीच, दुहेरी. फक्त सुंदरी उंच बोलते आणि हे खालच्या अंगाने. उगाच घसा भरून आला, खोटं कशाला सांगू.

इथे पहिल्या कार्यक्रमात माझी फजिती झाली. सिंफनीचा पहिला भाग संपला आणि मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच! शेजारच्या आजींनी असं पाहिलं की मी हात मांडीखाली घेतले. चारही भाग होईपर्यंत गप्प बसायचं असतं. हुतात्मा स्मृती मंदिरात दुसऱ्या रांगेतून तुमची "क्या बात है" जाते, ती इथे चालली नसती. घरी रेकॉर्ड लावून खुशाल द्या दाद.

तेवढं फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचे स्वर उतरतच नाहीत, आणि मी तर कान खाली ठेवायला सांगितलंय. दादाचा मोठा स्पीकर घ्या, समोरच्या कारखान्यातले माग थांबल्यावर लावा.

आईला म्हणावं, शेंगाचटणी संपली. या वेळी कडक भाकरी जरा जास्त पाठव. मागच्या वाटेतच मोडल्या, पण भुगासुद्धा खाल्ला.

दोन्ही गूल्ड ऐकून झाले की फोन करा. मला १९८१चा जास्त आवडतो. तुम्ही पहिल्याच्या बाजूने भांडाल, असा माझा अंदाज आहे.

तुमची,
धाकटी