मशीन लावणार, पण भूल कुठली देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थायरॉइडचं किंवा मणक्याचं ऑपरेशन ठरलं की हल्ली नातेवाईक विचारतात, डॉक्टर, ते नसेचं मशीन लावणार ना? म्हणजे ऑपरेशन चालू असताना नस शाबूत आहे ना ते बघणारं मशीन, आम्ही त्याला मॉनिटरिंग म्हणतो. विचारायलाच हवं, बिलात त्याचे पैसे लागतात. पण मी गेली 22 वर्षं भूल देतेय आणि आजवर एकाही पेशंटने मला विचारलं नाही की मशीन लावणार तर भूल कुठली देणार. खरं तर मशीनचं निम्मं काम त्यावरच ठरतं, म्हणून हे पत्र.

मशीनला नस थेट दिसत नाही हो. थायरॉइडमध्ये आवाजाची नस असते, सर्जन तिला बारीकसा करंट देतो, साधारण एक मिलिअँपिअर, तो स्वरयंत्राच्या स्नायूपर्यंत पोचतो, स्नायू आकसतो आणि श्वासाच्या नळीवर जे इलेक्ट्रोड स्वरतंतूंना टेकलेले असतात ते ती हालचाल पकडतात, मग मशीन ‘टॉक’ असा आवाज करतं. म्हणजे आपण ऐकतो ते स्नायूचं उत्तर. आणि नळी घालताना आम्ही जे स्नायू ढिले करायचं औषध देतो, अट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ते नस आणि स्नायू जुळतात बरोबर तिथेच निरोप अडवतं. नस धडधाकट असते, करंट बरोबर असतो तरी मशीन गप्प.

हे माझ्या हातून झालंय. आम्ही भूलवाले बरेच जण या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात जातो, आदल्या रात्री फोन येतो, मॅडम उद्या आठला थायरॉइड आहे या. तशीच गेले, नेहमीसारखं अट्राक्युरियम दिलं, पुढचा डोसही दिला आणि मग सर्जन म्हणाले सिग्नल येत नाहीये. मॉनिटरिंग आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी पण विचारलं नव्हतं. पेशंट भाजीचा गाडा लावणारी बाई, आवाज गेला तर तिचा धंदाच बसला असता. औषध उतरेपर्यंत सर्जन हात आवरून थांबले, तो वेळ मी विसरू शकत नाही. बाईंचा आवाज शाबूत राहिला, पण घाई करणारा सर्जन असता तर? सिग्नल नाही म्हणजे ही नस नाहीच असं समजून कापलं असतं तर? मला सगळ्यात भीती याचीच वाटते.

उपाय आहेत. नळी घालण्यापुरता रोक्युरोनियमचा एकच डोस द्यायचा आणि गरज पडली तर सुगामाडेक्सने तो काढून टाकायचा (सुगामाडेक्स अट्राक्युरियमवर चालत नाही, हे लक्षात ठेवावं लागतं), किंवा सक्सिनिलकोलीन द्यायचं, ते काही मिनिटांत उतरतं. नळीला लिग्नोकेनची बधिर करणारी जेली लावायची नाही आणि मान मागे केल्यावर नळी सरकली नाही ना ते परत बघायचं.

मणक्याचं गणित अजून नाजूक. पाठीला बाक असलेली मुलगी, सर्जन स्क्रू टाकून कणा सरळ करतोय, तेव्हा कण्यातल्या मज्जारज्जूला धक्का लागला नाही ना हे कळायला डोक्याला करंट देऊन पाय हलतोय का बघतात. 1973 मध्ये फ्रान्समध्ये स्टॅग्नारा आणि सहकाऱ्यांनी तर पेशंटला ऑपरेशनच्या मध्येच जागं करून पाय हलवायला सांगायची पद्धत मांडली होती, 1980 मध्ये इंग्लंडात मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून करंट देऊन स्नायू हलवून दाखवला, तिथून आजच्या मॉनिटरिंगची वाट निघाली. या सिग्नलला सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, नायट्रस असले गॅस मारक, जितका जास्त गॅस तितका सिग्नल बारीक. म्हणून आम्ही शिरेतून भूल देतो, प्रोपोफॉल आणि फेंटानिलसारखं औषध पंपाने सतत, कधी थोडं केटामिन, त्याने सिग्नलला मदतच होते. प्रोपोफॉलचा पण एकदम मोठा डोस दिला तर सिग्नल पडतो आणि ब्लडप्रेशर खाली गेलं, अंग थंड पडलं तरी पडतो. मग सर्जन विचारतो, मी काही केलं का तुम्ही काही दिलंत? त्या क्षणी मला ठाम उत्तर देता आलं पाहिजे, म्हणून स्क्रू पडत असताना मी औषधाला उगाच हात लावत नाही. गॅस कमी म्हणजे पेशंट मध्येच जागा होईल का, ही शंका रास्त आहे, त्यासाठी कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरी बघतो. आणि करंटने जबडा आवळतो म्हणून दातांमध्ये कापडाची गुंडाळी घालतो, नाहीतर जीभ चावली जाते.

हॉस्पिटलवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, ओटीच्या लिस्टवर ऑपरेशनच्या नावापुढे मॉनिटरिंग आहे हे दोन शब्द लिहा आणि भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी कळवा. आणि पेशंटच्या घरच्यांनी भूलवाल्या डॉक्टरांना आधीच भेटायचा हट्ट धरा, डायबेटिसने पाय बधिर होतात का, फिट येते का, मेंदूत ऑपरेशनची क्लिप किंवा छातीत पेसमेकर बसवलाय का, सगळं सांगा, बाहेर बाकावर पाच मिनिटं का होईना पण ऑपरेशनच्या आधी भेटा.

आपली,
एक भूलतज्ज्ञ, सोलापूर