फवारणीच्या विषबाधेवरील संशोधन विदर्भात होऊ द्या : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता तेव्हा कपाशीच्या फवारणीचा हंगाम सरत आलेला असतो. त्यामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात येथील अतिदक्षता विभागांत काय चालते, ते सहसा आपल्यासमोर येत नाही. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेले किंवा फवारताना अंगात भिनलेले रुग्ण यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडून रात्री-अपरात्री येतात; तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वासाचे स्नायू थकत चाललेले. त्यांच्या श्वासनलिकेत नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर घेणे हे आम्हा भूलतज्ज्ञांचे काम. (आम्ही फक्त ऑपरेशनपूर्वी सुई टोचतो असा समज आहे, प्रत्यक्षात १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओ साथीत ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांना हाताने पिशवी दाबून श्वास देण्याची पद्धत सुरू केली आणि त्यातूनच आजचा अतिदक्षता विभाग उभा राहिला.)

या रुग्णांना विषाची लक्षणे आटोक्यात आणणारे अॅट्रोपीन द्यावे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो प्रॅलिडॉक्सिम या उताऱ्याच्या औषधाचा, ज्याला आम्ही ‘पाम’ म्हणतो. आपल्याच राज्यातील बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दर चार तासांनी एक ग्रॅम देण्याऐवजी तासाला एक ग्रॅम या गतीने ४८ तास सलग दिल्यास मृत्यू कमी होतात, असे तिच्यात दिसले. २००९ मध्ये श्रीलंकेतील २३५ रुग्णांच्या चाचणीत, जिथे मात्रा कमी होती, फायदा आढळला नाही. पाम मिळालेल्या गटात मृत्यू उलट अधिक होते, जरी तो फरक निर्णायक नव्हता. म्हणजे एकच औषध, एकच विषबाधा आणि दोन परस्परविरोधी उत्तरे.

यामागे एक कारण असू शकते. हे विष शरीरातील कोलिनेस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) जखडते आणि पाम ते सोडवते; पण ठरावीक वेळेनंतर ते पामने सुटत नाही. या कीटकनाशकांचे रासायनिक रचनेनुसार गट पडतात. डायमिथाइल गटात ही मुदत काही तासांचीच असते, डायइथाइल गटात ती बरीच लांबते. दूरच्या तालुक्यातून, वाटेत एका-दोन रुग्णालयांत थांबत नागपुरात पोहोचणाऱ्या रुग्णाला पामचा उपयोग होतो का, हे श्रीलंकेतल्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. ते येथेच मोजावे लागेल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा संरक्षक कपड्यांची आणि बंदीची चर्चा खूप झाली. उपचारांच्या संशोधनाची मात्र फारशी झाली नाही.

हे मोजणारे हात आपल्याकडे आहेत. भूलशास्त्राच्या प्रत्येक एमडी विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. बहुतेक प्रबंध साठ-सत्तर रुग्णांचे असतात आणि विषय ठरलेला असतो : स्पायनलमध्ये, म्हणजे पाठीच्या कण्यात देण्याच्या भुलीत, बुपिव्हॅकेन या बधिर करणाऱ्या औषधासोबत हे औषध बरे की ते. परीक्षा झाली की ते कपाटात जातात. अशा प्रबंधांना मीही मार्गदर्शन केले आहे, त्यामुळे हा दोष माझ्याही पदरात आहे. त्याऐवजी नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदिया येथील शासकीय महाविद्यालयांनी एकच आराखडा, एकच नोंदपत्रक आणि एकच प्रश्न घेतला, तर उत्तर देण्याइतके रुग्ण काही हंगामांत जमतील.

यासाठी नवी इमारत नको. प्रत्येक महाविद्यालयात रात्रपाळीसह एक संशोधन परिचारिका, सर्वांसाठी मिळून एक संख्याशास्त्रज्ञ आणि कोलिनेस्टरेज तपासणीची चोवीस तास सोय, एवढे पुरेल. रुग्ण बेशुद्ध असताना नातेवाइकाची आणि शुद्धीवर आल्यावर त्याची स्वतःची संमती घ्यावी लागेल. ती मराठीत, हिंदीत आणि गोंडीत समजावणारा माणूस लागेल, कारण मध्यरात्री घाबरलेल्या बायकोपुढे आठ पानी फॉर्म सरकवण्याला संमती घेणे म्हणता येत नाही.

पदनिर्मितीचा प्रस्ताव वित्त विभागाकडे जाण्यास लागणारा वेळ आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणून तो याच अधिवेशनात मांडावा आणि पुढच्या खरिपाची फवारणी सुरू होण्याआधी किमान परिचारिकांची पदे भरावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक भूलतज्ज्ञ, नागपूर