डीके ९६ मिळाला, मनापासून आभार!

आजोबांच्या बॅटरीवरच्या व्हॉल्व रेडिओतला (व्हॉल्व म्हणजे काचेच्या नळ्या) डीके ९६, म्हणजे स्टेशन पकडणारा व्हॉल्व, गेला होता, आणि तो गेला की स्टेशनच लागत नाही, नुसती खरखर. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारून झालं, विजेवरच्या सेटचे व्हॉल्व एकवेळ मिळतील पण हे १.४ व्होल्ट फिलामेंटवाले (फिलामेंट म्हणजे आतली तापणारी तार), जेमतेम २५ मिलिअँपिअर खाणारे, कोण जपून ठेवतं! नौपाड्यातल्या एका रिटायर्ड मेकॅनिक काकांनी ठेवला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून, पिना एकदम सरळ. पैसे काही केल्या घेईनात. आणि कळव्याच्या ताई, तुम्ही व्हॉल्व बसवायच्या आधी सगळी वायरिंग मीटरने तपासून दिलीत, मोठ्या बॅटरीचे ९० व्होल्ट चुकून फिलामेंटला लागले असते तर चारही व्हॉल्व क्षणात जळाले असते. नावं नको म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण दोघांचे खूप खूप आभार, आजी रोज ऐकतेय.