माशा मारायचा उद्योग

वाशी,
रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "हल्ली रविवारी करतोस काय?" मी म्हटलं, "माशा मारतो." तू हसलास, पण ते अगदी शब्दशः खरं आहे. गळाला कोंबड्याचं पीस आणि हिरवी लोकर गुंडाळून खोटी माशी करायची आणि तिच्यावर मासा धरायचा. मग तू लगेच विचारलंस, "धरलेला सोडून देतोस ना रे?" आणि मी रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. रेंज उत्तम होती. म्हणून हे पत्र.

आधी जागा सांगतो. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर धारण तलाव आहे. नवी मुंबईचा बराच भाग सखल, भरतीच्या पातळीखालचा. भर पावसात भरती आली तर पाणी जाणार कुठे? म्हणून सिडकोने डच लोकांची युक्ती उचलली. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जातं. त्यामुळे पाणी ना धड गोडं ना धड खारं. बऱ्याच माशांची अशा पाण्यात पंचाईत होते, आणि ह्या एकाचं मात्र फावतं. कोण ते तू ओळखलं असशीलच. तुमच्या उजनीतला पाहुणा, चिलापी.

तू भिगवणला ती तळून खातोस, तेव्हा तुला तिचा राग येणं कठीण आहे. मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली आपल्या देशात आणली, स्वस्त प्रथिनं मिळतील म्हणून. १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी घातली, पण तोवर घोडा तबेल्याबाहेर गेला होता. दोन-तीन महिन्यांत वयात येते, गर्दी झाली की तळहाताएवढीच राहते पण वीण थांबवत नाही. शेवाळ खाते, गाळ खाते, दुसऱ्या माशांची अंडीही खाते.

आता माशीचं. आपण नदीवर बांबूला दोरा बांधून कणकेची गोळी लावायचो, तिथे शिशाचं वजन दोरा ओढून न्यायचं. इथे उलटं. माशीला वजनच नसतं, जाड लाइनच स्वतःच्या वजनाने तिला नेते. लाइन मागे फेकायची, ती मागे सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. हे थांबणं मला तीन महिने जमलं नाही. त्यात मागे जॉगिंग ट्रॅक. एका सकाळी मागे गेलेल्या माशीने एका निवृत्त गृहस्थांची टोपी उचलली. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते जास्त लागलं. तेव्हापासून मी फक्त रोल कास्ट करतो, लाइन मागे न नेता पाण्यावरूनच पुढे लोटायची. टोप्या वाचल्या.

उन्हाळ्यात काठाशी, गुडघाभर पाण्यात, ताटाएवढे गोल खळगे दिसतात. ती नरांची घरटी. नर तेव्हा काळाकुट्ट होतो, परांच्या कडा लाल. खळग्यात माशी सोडली की तो भुकेने नाही, रागाने चावतो. हे मला फार आवडलं. एरवी चिलापी माशी हलकेच तोंडात घेते आणि कळायच्या आत थुंकते.

तिथे एक काका येतात, कोळीवाड्यातले, पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं घेऊन. पहिल्या दिवशी मला बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "पोरा, मासं पकरतंस का माशा हाकलतंस?" पाग त्यांच्या हातातून अशी उलगडते की माझ्या रॉडची मला लाज वाटते. तलावात पूर्वी भरतीबरोबर बोय यायची, कधी जिताडाही, असं ते सांगतात. आता पाग ओढली की दहातल्या नऊ चिलाप्या. उधाण-भांगाचा, म्हणजे मोठ्या-लहान भरतीचा, हिशोब बोटांवर सांगणारा माणूस, आणि त्याला रोज हेच ओढावं लागतं.

आता तुझा प्रश्न. नाही, मी सोडत नाही. आपल्या नद्यांतला महसीर धरला की ओल्या हाताने धरायचा आणि पुन्हा पाण्यात द्यायचा, हे मी दुसरीकडे शिकलो, आणि ते मला पटतंही. इथे तेच केलं तर मी तलावाचं नुकसान करतो आणि वर स्वतःला दयाळू समजतो. म्हणून धरलेली प्रत्येक चिलापी बादलीत. सांडपाणी येतं त्या तलावातलं मी खात नाही. काका घेऊन जातात, गल्लीतल्या मांजरांना.

पण जूनच्या आरंभी एक मादी लागली. पाव किलोचीही नसेल. तोंड मिटलेलं, गाल फुगलेले. गळ काढायला बोट लावलं तर तोंडातून पिल्लं ओघळली. भाताच्या शितांएवढी, पण प्रत्येकाला डोळे. ही मादी अंडीही तोंडात उबवते आणि पिल्लंही तोंडातच सांभाळते, हे मी वाचलं होतं. वाचलेलं वेगळं, सुध्या. बादलीत ती पिल्लं तिच्या तोंडाशीच घुटमळत राहिली. मी बादली उचलून पाण्यापर्यंत गेलोही होतो.

काका मागून आले. काही न विचारता त्यांनी बादली घेतली, पिल्लं चिखलात ओतली आणि मादी पिशवीत टाकली. दोन बगळे लगेच उतरले. काका म्हणाले, "बगल्यांनाबी घर हाय." आणि पाग धुवायला गेले. त्या दिवशी मी पुन्हा लाइन टाकली नाही. पुढच्या रविवारी टाकली.

दिवाळीत येणार आहेस ना? येताना तुझ्या गावठी कोंबड्याची मानेची पिसं घेऊन ये, तांबूस असतील तर उत्तम. इथे चिकनवाल्याकडे सगळा बॉयलर. त्याची पिसं पांढरी आणि लिबलिबीत, पाण्यात गेली की बोळा होतात. आणि वहिनींना सांग, मासे आणणार नाही, निर्धास्त राहा.

तुझा,
नंदू