सही करायच्या आधी एवढं वाच

मनू,

काल तू फोन ठेवलास तेव्हा मी बोलतच होते. बाबांनी विचारलं काय झालं, म्हटलं नेटवर्क गेलं. रागावून लिहीत नाहीये हे आधी सांगते. सरकारी नोकरी सोडून खाजगी कंपनीत जाऊ नको असं मी एकदाही म्हटलं नाही, मी एवढंच विचारलं की साठीनंतर दर महिन्याला पैसे कोण देणार, तर तू म्हणालीस "आई, तुझ्या डोक्यात पेन्शनशिवाय दुसरं काही असतं का गं". खरंच नसतं. का नसतं ते फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहिते.

बाबा २०१२ ला रिटायर झाले तेव्हा त्यांची पीएफची पेन्शन, म्हणजे खाजगी नोकरीत पीएफबरोबर मिळते ती, बसली २,२०० च्या आसपास, आणि आजही तेवढीच येते, मधे सगळं कुठल्या कुठे गेलं पण त्यात एक रुपया वाढला नाही, कारण त्या पेन्शनला महागाई भत्ताच नाही. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला गेलो होतो, मशीन त्यांचा अंगठा घेईना. लेथवर आयुष्य गेलं, रेषा कुठून राहणार. रुमालाने पुसून पुसून परत ठेवायचे, मागे रांग थांबलेली, शेवटी त्या मुलाने मोबाईलवर चेहऱ्याचा फोटो घेऊन केलं एकदाचं. बाहेर आल्यावर म्हणाले, एवढ्या पैशात माझ्या गोळ्या पण येत नाहीत गं महिन्याच्या. मी सरकारी नोकरीतून २०१४ ला रिटायर झाले, तेव्हा मिळायची त्याच्या जवळपास दुप्पट आज हातात येते, सातव्या वेतन आयोगात पेन्शन सुधारली आणि वर महागाई भत्ता वाढत गेला. नाईट ड्युट्या करून तुम्हा दोघांना आत्याकडे झोपवून गेले त्याचं आज वाईट वाटत नाही ते त्यामुळेच. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा रव्यापुढे हात पसरावा लागला नाही.

तू म्हणशील तुझी जुनी पेन्शन, माझी कुठे आहे. बरोबर आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती नाहीच. मार्च २०२३ च्या संपात तू ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ची टोपी घालून उन्हात उभी होतीस, तो फोटो मी वॉर्डातल्या सगळ्या जुन्या मैत्रिणींना पाठवला होता. तुला परीक्षेचा निकाल लागला तेव्हा बाबा गल्लीत पेढे वाटत होते आणि एकेकाला सांगत होते, कनिष्ठ अभियंता, जलसंपदा. त्यांना शब्द नीट म्हणता यायचा नाही तरी सांगायचे. असो, कुठे भरकटले.

एनपीएसमध्ये, म्हणजे जुन्या पेन्शनच्या जागी आलेल्या योजनेत, पगाराच्या हिशोबाने तुझे १० टक्के आणि सरकारचे १४, ते पैसे बाजारात, शेवटी किती होतील कोणी लिहून देत नाही हे मलाही कळतं. पण आता युनिफाइड पेन्शन आली ना. राज्याच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केली. २५ वर्षं नोकरी झाली की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी, वर महागाई, आणि आपल्या मागे नवराबायकोतल्या दुसऱ्याला त्याच्या ६० टक्के. तुझी २५ सहज भरली असती. राजीनामा दिला की ही हमी गेली, खात्यातले पैसे तुझेच राहतात पण हमी गेली. हे तू बघितलंयस का, की पगाराचा आकडाच बघितलास?

खाजगीत काय मिळेल ते मी वहीत मांडून बघितलं. आजच्या नियमाने सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्याचं बेसिक १५,००० च्या वर असेल तर त्याला पीएफची पेन्शनच नाही, म्हणजे तुला तीही नाही. असती तरी ती १५,००० वरच मोजतात, पगार लाख असला तरी; २५ वर्षं आणि वर दोन वर्षं बोनसची धरून १५,००० गुणिले २७ भागिले ७०, म्हणजे ५,७८६. तेही न वाढणारे. एनपीएसचे समज १ कोटी जमले आणि ४० लाखांची ॲन्युइटी, म्हणजे पैसे भरून महिन्याला ठरावीक रक्कम देणारी योजना, घेतलीस, ६ टक्के धरले तर महिन्याला २०,०००. आज बरे वाटतात. तू ऐंशीची होशील तेव्हाही साधारण तेवढेच असतील, आणि बाबांचे २,२०० मी रोज बघते.

लेक्चर झालं परत, माफ कर. बदल्या आणि अडकलेलं प्रमोशन यात तू किती पिचलीस ते मी पाहिलंय, छकुली आजारी असताना तू साईटवर रडत होतीस तेही. पुण्यात राहशील, घरी वेळेवर येशील, त्याचा मला आनंदच आहे. पगार जास्त आहे तर त्यातला फरक खर्चात जाऊ देऊ नको एवढंच. सरकार १४ टक्के टाकत होतं, ते आता तुलाच टाकायचे आहेत असं समज. कंपनी बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत एनपीएसमध्ये भरते का विचार, नव्या टॅक्स पद्धतीत त्याला सूट आहे. एनपीएस खात्याचा प्रान नंबर तोच ठेव, नवीन खातं उघडायचं नाही, हेच कॉर्पोरेटमध्ये वळवता येतं. आणि पुढे कंपनी बदललीस तर पीएफ काढून फ्लॅटमध्ये घालू नको, ट्रान्सफर कर.

निखिलरावांचंही खाजगीच आहे ना, म्हणून जास्त भीती वाटते गं. घरात एकाची तरी पक्की असावी. आमच्या घरात एकाची होती म्हणून निभावलं.

ऑफर लेटर सही करायच्या आधी मला व्हॉट्सॲपवर पाठव. बेसिक किती आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार की १५,००० वर, एवढंच बघायचंय मला, बाकी काही बोलणार नाही.

आई