दमा खरंच वाढलाय का?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, पूर्वी एवढा दमा नव्हता म्हणतात, मग डॉक्टर हल्ली उगाच नाव देतात का?" तुझ्या बाळाला पंप सुरू झाल्यापासून येणारा-जाणारा हेच ऐकवत असणार. म्हणून नीट लिहितेय.

नाव देणं वाढलंय, हे खरं. पूर्वी छातीत घरघर झाली की "कफ आहे, मोठा झाला की जाईल" म्हणून विषय मिटायचा. पण तेवढंच नाही. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला १९६४ साली शाळकरी मुलांची पाहणी झाली आणि १९८९ मध्ये तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले. दम्याचं निदान झालेली मुलं ४.१ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर गेली होती. यात डॉक्टरांच्या बदललेल्या सवयीचा वाटा असेल. पण घरघर होणारी मुलंही १०.४ वरून १९.८ टक्के झाली होती, आणि घरघर आईबापांना कानांनी ऐकू येते, तिला डॉक्टरांनी नाव द्यावं लागत नाही. म्हणून मी म्हणते, आजारच वाढला. पुढे काही श्रीमंत देशांत ही वाढ थांबली, इतरत्र चालू राहिली.

एवढ्या थोड्या वर्षांत माणसाचे जनुक बदलत नाहीत, म्हणजे राहणी बदलली. अमेरिकेतले ॲमिश आणि हटराइट हे दोन ख्रिस्ती पंथ बघ, दोघेही शेतकरी, मूळ वंशही जवळचा. ॲमिश मुलं घरालगतच्या गोठ्यात वाढतात, हटराइटांची शेती यंत्रांवर आणि वस्तीपासून लांब. शाळकरी मुलांत दमा ॲमिशांकडे सुमारे ५ टक्के, हटराइटांकडे सुमारे २१! लहानपणीच तऱ्हेतऱ्हेच्या जंतूंशी ओळख झाली की शरीर परागकणांसारख्या निरुपद्रवी गोष्टींवर धावून जात नाही, असं संशोधक मानतात.

आता यावरून "घर फार स्वच्छ ठेवलंस म्हणून झालं" असं कुणी म्हणालं, तर मनाला लावून घेऊ नकोस. हात धुण्यानं दमा होत नाही. साऱ्या समाजाची राहणी बदलली, त्याचा दोष एका आईच्या माथी मारणं मला अजिबात पटत नाही.

आणि पंपाची सवय लागते, हे तर मुळीच खरं नाही. रोजच्या पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट श्वासनलिकेत जातं आणि तिथली सूज उतरवतं. बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नकोस. स्पेसरचा, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्याचा, मास्क नाका-तोंडावर घट्ट बसला पाहिजे, कडेनं हवा गेली की औषधही गेलं. श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर आराम पडण्याची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. हे जावईबापूंनाही सांगून ठेव.

तुझी,
आई