ठाणे चालेल, दिवा नको

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण पार्ले, बोरिवली, मुलुंड, ठाणे आणि डोंबिवली यांची तुलना छापलीत. शाळा, नाट्यगृहं, उद्यानं, सगळ्याला गुण दिलेत. मी वधू-वर सूचक केंद्र चालवते. असे गुण देणारी माणसं रोज माझ्यासमोर बसलेली असतात, फक्त त्यांची भाषा पुरवणीइतकी सभ्य नसते.

आमच्या फॉर्मवर 'अपेक्षा' असा रकाना आहे. शिक्षण, पगार, पत्रिका यांत हल्ली लोक थोडं पुढेमागे सरकतात. स्टेशनावर मात्र अडून बसतात. 'ठाणे चालेल, दिवा नको' असं चक्क लिहून देतात. दिवा ठाणे महापालिकेतच येतं हे सांगितलं, तर 'ते ठाणं नाही हो, आपलं ठाणं' असं उत्तर मिळतं. लँडलाइनच्या काळात डोंबिवलीच्या मुलांच्या आया नंबर लिहिताना ०२५१ हा तिथला कोड गाळायच्या, म्हणजे नंबर मुंबईचा वाटावा. दादरच्या एका बाईंनी बोरिवलीचं चांगलं इंजिनीअर स्थळ परत पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, 'जिथे दारात रिक्षा येते, ती मुंबई नव्हे.' शीव-माहीमच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगी नाही हा वाहतुकीचा नियम. बाईंनी तो कुळाचारात नेऊन बसवला होता.

प्रवासाच्या धास्तीने कुणी नाही म्हणत असेल, तर मी एका शब्दानेही आग्रह करत नाही. सकाळी दिव्याला लोकलच्या लेडीज डब्यात शिरणं काय असतं, हे मला ठाऊक आहे. पण हीच मंडळी घोडबंदर रोडवरच्या टॉवरला लगेच होकार देतात, कारण पत्त्यात 'ठाणे (प.)' असतं. त्याच रोडवरच्या कासारवडवलीहून सकाळी ठाणे स्टेशन गाठेपर्यंत डोंबिवलीची जलद लोकल बहुतेक वेळा ठाणं मागे टाकून गेलेली असते. म्हणजे प्रश्न वेळेचा नाहीच.

माझ्याकडे दोन चुलत-चुलत भावांचे फॉर्म आहेत. आडनाव एक, कुलदैवत एक. त्यांचे आजोबा सख्खे भाऊ, गिरगावातल्या चाळीत एकाच खोलीत वाढलेले. बिऱ्हाड वाढल्यावर थोरल्याने पार्ल्याला जागा घेतली; धाकट्याची नोकरी उशिरा लागली, तोवर पार्ले परवडेना, म्हणून तो डोंबिवलीला गेला. आज पार्ल्याच्या नातवासाठी फोन थांबत नाहीत. डोंबिवलीच्या नातवाचा पगार त्याच्यापेक्षा जास्त आहे, शिवाय माझ्या मते मुलगा वागायला उजवा आहे. पण त्याच्याबद्दल पहिला प्रश्न येतो, 'मुंबईत घ्यायचा विचार आहे का?' आजोबांनी ज्या साली जागा घेतली, ते साल आता संस्कार म्हणून मिरवलं जातंय.

दादरचा अभिमान मला कळतो, माझं माहेर हिंदू कॉलनीतलं. पण १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारायला सरकारचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर प्लॉट पाडले, तेव्हा गिरगावकरांना ते रानच वाटलं असणार. पार्ले मुंबई महापालिकेत आलं १९५० मध्ये, मुलुंड १९५७ मध्ये. ठाण्याच्या हद्दीला लागून असलेल्या मुलुंडच्या नाक्यावरची जकात २०१७ मध्ये उठली. मुलुंडकरांनी मात्र ठाण्याकडे बघताना ती अजून चालू ठेवली आहे. बिल्डरांना ही नाडी केव्हाच सापडली. लोअर परळमधला फ्लॅट 'अप्पर वरळी' म्हणून विकला जातो आणि घेणाराही पत्ता तसाच सांगतो.

तुलना छापू नका असं माझं म्हणणं नाही. पुढच्या वेळी पाणी किती तास येतं, शेवटची लोकल किती वाजता, रात्री-अपरात्री डॉक्टर मिळतो का, हे विचारा. नाट्यगृहाला गुण देऊन संसार कसा होतो ते कळत नाही. आणि नकाशा काढणाऱ्याला एक निरोप द्या. त्यात ठाण्यानंतर एकदम डोंबिवली होती. मध्ये कळवा, मुंब्रा, दिवा आणि कोपर अशी चार स्टेशनं आहेत, आणि तिथेही तुमचा पेपर येतो.

- एक वाचक, कळवा (ठाणे महापालिका हद्द)